पाकिटाच्या पाठीवरचे कोष्टक

मधली सुट्टी झाली आहे. शाळेजवळच्या दुकानात गर्दी उसळली आहे. कुणी बिस्किटांचा पुडा घेतो, कुणी शेवेचे पाकीट, तर कुणी थंड पेयाची बाटली. पाकीट दातांनी फाडले जाते, दोन मिनिटांत फस्त होते आणि वेष्टन कचऱ्याच्या पेटीत जाते. (निदान ते पेटीत जावे, अशी अपेक्षा!)

विद्यार्थी मित्रहो, हे वेष्टन टाकण्यापूर्वी ते कधी उलटून पाहिले आहे का? पुढच्या बाजूला गव्हाच्या डोलणाऱ्या ओंब्या असतात, दुधाची धार असते, उड्या मारणारी मुले असतात. ही बाजू विकणाऱ्याची. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत एक यादी आणि एक कोष्टक असते. ही बाजू तुमची. ती तुमच्यासाठी छापायची असा कायदा आहे. गंमत अशी, की पुढची बाजू आपण सगळे पाहतो आणि मागची बाजू क्वचितच कुणी वाचतो.

आज आपण ही मागची बाजू वाचायला शिकू या. त्यासाठी सातवी-आठवीचे गणित आणि थोडे रसायनशास्त्र पुरेसे आहे. जवळ एखादे पाकीट असेल, तर ते समोर ठेवूनच पुढे वाचा.

यादीतला क्रम

आपल्या देशात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. पाकिटावर काय छापायचे याचे सध्याचे नियम या कायद्याखाली २०२० साली करण्यात आले. त्यांनुसार पाकिटावर घटकांची यादी, पोषणमूल्यांचे कोष्टक, उत्पादनाची व टिकण्याची तारीख, उत्पादकाचा १४ अंकी परवाना क्रमांक इत्यादी गोष्टी असाव्या लागतात. शाकाहारी पदार्थावर चौकोनात हिरवा ठिपका असतो आणि मांसाहारी पदार्थावर चौकोनात तपकिरी त्रिकोण. फार लहान वेष्टनांना यातल्या काही गोष्टींतून सूट आहे. म्हणून अभ्यासासाठी मोठे पाकीट घेतलेले बरे.

प्रथम घटकांची यादी पाहा. तिचा क्रम कसाही लावलेला नसतो. पदार्थ तयार करताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त घातला, तो पहिला. त्याहून कमी घातलेला दुसरा, आणि याप्रमाणे पुढे. त्यामुळे पहिले तीन घटक वाचले, की पाकिटात मुख्यतः काय आहे ते कळते. नाव नाचणीच्या बिस्किटांचे, पण यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि नाचणी त्यानंतर कुठेतरी, असे असेल तर त्या बिस्किटाला नाचणीचे म्हणायचे की मैद्याचे, हे तुम्हीच ठरवा. ज्या घटकाचे चित्र किंवा नाव पुढे मिरवलेले असते, त्याचे शेकडा प्रमाण द्यावे लागते. चित्रात मूठभर बदाम आणि यादीत 'बदाम ०.५ टक्के' असा प्रकार सापडला, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

साखर मात्र या यादीत वेष पालटून बसते. कधी ती 'साखर' म्हणून असते, कधी ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, मध किंवा गूळ म्हणून. एकाच पाकिटात यांतले तीन-चार प्रकार थोडे थोडे घातले, तर प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि प्रत्येक जण यादीत खाली सरकतो. सर्वांची बेरीज केली तर कदाचित साखरच पहिल्या क्रमांकावर येईल! म्हणून अशी नावे एकत्र मोजायला शिका.

यादीच्या शेवटी काही आकडे दिसतात. उदाहरणार्थ, आय.एन.एस. ३३०, ५०० किंवा ३२२. हे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत आणि आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबाची आंबट चव त्याचीच. ५०० च्या गटात आपला खाण्याचा सोडा येतो. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. याउलट २११ हा टिकवणारा पदार्थ, सोडियम बेंझोएट, आणि १०२ हा टार्ट्राझीन नावाचा कृत्रिम पिवळा रंग. आकडा हे केवळ नाव आहे. त्यामागचा पदार्थ कोणता, हे पाहायला हवे.

कोष्टक आणि त्यातला चकवा

आता कोष्टकाकडे वळू. समजा, एका बिस्किटांच्या पुड्यावर पुढील आकडे आहेत. (पुडा कल्पित आहे, पण असे आकडे बाजारात सहज आढळतात.) हे आकडे १०० ग्रॅम बिस्किटांसाठी आहेत.

ऊर्जा — ४८० किलोकॅलरी
प्रथिने — ७ ग्रॅम
कर्बोदके — ७० ग्रॅम
त्यांपैकी एकूण साखर — २५ ग्रॅम
त्यांपैकी वरून घातलेली साखर — २४ ग्रॅम
एकूण स्निग्ध पदार्थ — १९ ग्रॅम
त्यांपैकी संपृक्त — ९ ग्रॅम
त्यांपैकी ट्रान्स — ० ग्रॅम
सोडियम — ३२० मिलिग्रॅम

शेजारच्या रकान्यात 'एका वाढणीत दिवसाच्या गरजेच्या किती टक्के' हेही दिलेले असते. त्यासाठी प्रौढ माणसाचा एक दिवसाचा हिशोब गृहीत धरलेला आहे: ऊर्जा २००० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त २२ ग्रॅम आणि ट्रान्स २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. हे आकडे पाठ करून ठेवण्याजोगे आहेत. मात्र यांतले साखर, ट्रान्स मेद व सोडियम यांचे आकडे 'इतके खाल्लेच पाहिजे' असे सांगत नाहीत. ती वरची मर्यादा आहे. तुमचे वय वाढीचे आहे, खेळणे-बागडणे भरपूर आहे, म्हणून तुम्हांला ऊर्जा प्रौढापेक्षा जास्त लागू शकेल. मीठ-साखर जास्त खायला मात्र ही सबब चालणार नाही.

चकवा आहे तो 'वाढणी' या शब्दात. आपल्या पुड्यावर एक वाढणी २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे चार बिस्किटे, असे छापले आहे. वाढणीत साखर ६ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या १२ टक्के. आकडा लहान दिसतो. पण प्रश्न असा, की तुम्ही चार बिस्किटांवर थांबता का? १०० ग्रॅमचा पुडा एकट्याने संपवला, तर साखर २४ ग्रॅम झाली, म्हणजे ४८ टक्के. संपृक्त मेद ९ ग्रॅम, म्हणजे ४१ टक्के. चहाबरोबर सहज खाल्लेला पुडा आणि दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा संपला!

दोन पदार्थांची तुलना करायची असेल, तर वाढणीचा रकाना सोडा आणि १०० ग्रॅमचा रकाना पाहा. एकाची वाढणी २० ग्रॅमची आणि दुसऱ्याची ४० ग्रॅमची असेल, तर वाढणीची तुलना व्यर्थ आहे. आपण किती खाल्ले हे पाहायचे असेल, तेव्हा पाकिटाचे एकूण वजन पाहून त्रैराशिक मांडा.

चार, चार आणि नऊ

ऊर्जेचा आकडा कुठून आला? एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. आहाराविषयी बोलताना लोक नुसते 'कॅलरी' म्हणतात, तेव्हा त्यांना किलोकॅलरीच अभिप्रेत असते.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण उष्णतामापक बांधला. तो म्हणजे एक लहानशी बंद खोलीच होती. तिच्यात एखादा माणूस काही दिवस राही, जेवे, झोपे, व्यायाम करी. त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली उष्णता आणि त्याने सोडलेला कार्बन डायॉक्साइड यांची काटेकोर नोंद होई. माणसाच्या शरीरालाही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागू आहे, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

प्रयोगशाळेत एक ग्रॅम प्रथिने पूर्ण जाळली, तर साडेपाच किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता मिळते. शरीर मात्र प्रथिने पूर्णपणे जाळत नाही. त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर जातो आणि त्याबरोबर काही ऊर्जाही जाते. काही अन्न पचतही नाही. ही सर्व वजावट करून ॲटवॉटर यांनी सोपे आकडे काढले: एक ग्रॅम प्रथिनांपासून ४, एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी. आजही जगभरच्या पाकिटांवरचा हिशोब मुख्यतः याच आकड्यांवर चालतो.

आपला पुडा तपासून पाहू. प्रथिने ७ × ४ = २८. कर्बोदके ७० × ४ = २८०. स्निग्ध पदार्थ १९ × ९ = १७१. बेरीज ४७९. छापलेला आकडा ४८०. हिशोब जुळला! तुमच्या पाकिटावर थोडा फरक दिसला, तर तो तंतुमय पदार्थांमुळे किंवा आकडे पूर्णांकात केल्यामुळे असू शकेल. फरक फारच मोठा असेल, तर वर्गात चर्चा करा.

चमच्याने मोजा

ग्रॅम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, चमचे राहतात. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते. म्हणून साखरेच्या ग्रॅमना ५ ने भागा. पुड्यातली २४ ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ पाच चमचे.

एका थंड पेयाच्या बाटलीवर '१०० मिलिलिटरमध्ये साखर ११ ग्रॅम' असे असेल, तर आकडा किरकोळ वाटतो. पण बाटली ६०० मिलिलिटरची असेल तर? ११ × ६ = ६६ ग्रॅम, म्हणजे तेरा चमचे. आईने चहात तेरा चमचे साखर घातली, तर तो चहा कोणी पिईल का? थंडपणा आणि आंबटपणा यांमुळे पेयातली साखर जिभेला तितकी जाणवत नाही, एवढेच.

५० ग्रॅमची मर्यादा कशी ठरली, तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचवले, की मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० चे १० टक्के म्हणजे २००. त्याला ४ ने भागले, की ५० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले, असेही संघटनेने म्हटले आहे. दुधातली किंवा आख्ख्या फळातली नैसर्गिक साखर यात धरलेली नाही. म्हणूनच कोष्टकात 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात. तुम्ही पाहायची ती दुसरी.

सोडियमचेही असेच आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणुभार २३, क्लोरीनचा ३५.५, बेरीज ५८.५. म्हणजे ५८.५ ग्रॅम मिठात २३ ग्रॅम सोडियम. म्हणून सोडियमला अडीचने गुणले, की त्याच्या बरोबरीचे मीठ मिळते. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अवघा एक चमचा, आणि तोही भाजी, आमटी, लोणचे, पापड असे सगळे मिळून दिवसभरासाठी! शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले. दिवसाच्या मर्यादेचा ४० टक्के भाग तिथेच संपला. आणि गोड बिस्किटात सोडियम कसे आले? मिठातून, तसेच बिस्किट फुलवण्यासाठी घातलेल्या खाण्याच्या सोड्यातून. सोडियम जास्त झाले, की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब वाढू लागतो. याची सवय लहानपणीच लागते, त्रास मात्र पुढे होतो.

ट्रान्स मेदाविषयी थोडक्यात सांगतो. द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन मिसळला, की ते घट्ट होते. वनस्पती तूप असेच तयार होते. ही क्रिया अर्धवट राहिली, तर काही रेणूंची रचना बदलून ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयविकाराचा धोका वाढवतात. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत त्यांचे प्रमाण मेदाच्या २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. त्यामुळे कोष्टकात बहुधा शून्य दिसेल. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. वरच्या ओळीतले संपृक्त मेदही वाचा.

आकड्याने केलेला घात

कोष्टकातला प्रथिनांचा आकडा कसा काढतात, ते जाणून घेण्यासारखे आहे. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली एक पद्धत शोधली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करायचे आणि अमोनिया मोजायचा. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले, की प्रथिने मिळाली! (दुधासाठी हा गुणक किंचित वेगळा, ६.३८ असा धरतात.)

पद्धत सुंदर आहे, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. ते म्हणजे, सगळा नायट्रोजन प्रथिनांतूनच आला आहे.

या गृहीताचा फायदा काही दुष्ट लोकांनी घेतला. २००८ साली चीनमध्ये उघडकीस आले, की दुधात पाणी घालून ते वाढवले जात होते आणि प्रथिनांचा आकडा घसरू नये म्हणून त्यात मेलामाइन मिसळले जात होते. मेलामाइनपासून आपल्याकडे न फुटणाऱ्या बश्या करतात! त्याचे सूत्र C₃H₆N₆ असे आहे. त्याचा रेणुभार १२६, त्यात नायट्रोजन ८४, म्हणजे दोनतृतीयांश. एक ग्रॅम मेलामाइन या चाचणीत चार ग्रॅमहून अधिक प्रथिनांसारखे भासते. हे दूध बालकांच्या दुधाच्या भुकटीत गेले. चिमुकल्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. डब्यावरचा प्रथिनांचा आकडा मात्र चाचणीला उतरत होता.

मित्रहो, ही कथा केवळ भीती घालण्यासाठी सांगितली नाही. प्रत्येक आकडा हा कुणीतरी, कुठल्यातरी पद्धतीने केलेल्या मापनाचे उत्तर असतो. ती पद्धत नेमके काय मोजते, हे विचारणे म्हणजेच विज्ञान. त्या घटनेनंतर अनेक देशांनी दुधासाठी मेलामाइनची वेगळी चाचणी सुरू केली. कोष्टकामागे प्रामाणिक उत्पादक, जागरूक तपासनीस आणि चांगली प्रयोगशाळा असेल, तरच त्यातले आकडे विश्वासार्ह ठरतात.

खरे, पण अर्धेच

पुढच्या बाजूवरचे काही दावे खोटे नसतात. ते अर्धे सांगतात. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' असे छापले, तर ते खरेच आहे. पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. शेंगदाण्यात ते कधी नव्हतेच! 'वरून साखर घातलेली नाही' अशा रसातही फळाची स्वतःची साखर भरपूर असू शकते. 'शुगर फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक चालत नाही. पण त्यात मेद किती असावे, यावर हा शब्द काहीच बोलत नाही.

अशा दाव्यांवर अधूनमधून बंधनेही येतात. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की दूध, धान्य किंवा माल्ट यांपासून केलेली पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात दाखवू नयेत, कारण कायद्यात अशी संज्ञाच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढून टाकण्याचा आदेश निघाला. चिली या देशाने तर २०१६ साली निराळाच मार्ग धरला. साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा ऊर्जा मर्यादेबाहेर असेल, तर पाकिटाच्या पुढच्याच बाजूवर काळा अष्टकोन छापायचा. लहान मुलालाही तो दिसतो.

आणखी एक गोष्ट विसरू नका. गाडीवरच्या वड्याला, घरच्या भाकरीला, पेरूला, काकडीला कोष्टक नसते. म्हणून गाडीवरच्या वड्यातले मेद नाहीसे होत नाही आणि पेरूतले क जीवनसत्त्वही कमी होत नाही. भाजलेले शेंगदाणे घ्या: १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, साखर वरून घातलेली नाही आणि घटकांची यादी एका शब्दाची! कोष्टक वाचायला शिकायचे ते पाकिटांच्या मोहात पडण्यासाठी नव्हे. पाकिटातले आणि पाकिटाबाहेरचे यांची तुलना करता यावी, म्हणून.

करून पाहा

१. घरी व वर्गात आठ दिवस रिकामी वेष्टने जमवा. प्रत्येकावरील १०० ग्रॅममागची घातलेली साखर, संपृक्त मेद आणि सोडियम वहीत तक्त्याने लिहा व चढत्या क्रमाने लावा.

२. पाच पाकिटांवरील ऊर्जा ४-४-९ या आकड्यांनी तपासा. छापलेल्या आकड्याशी किती टक्के फरक येतो?

३. एका थंड पेयाच्या बाटलीतील साखरेचा हिशोब करा. तेवढी साखर वजन करून काचेच्या पेल्यात भरा आणि पेला बाटलीशेजारी ठेवा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याहून बोलके आणि स्वस्त उपकरण क्वचितच असेल.

४. एका दिवसात तुम्ही पाकिटातून किती सोडियम खाल्ले ते मोजा, अडीचने गुणा आणि तेवढे मीठ एका बशीत काढून घरच्यांना दाखवा.

शिक्षकांनी यातला एखादा प्रयोग गणिताच्या तासालाही करून घ्यावा. शेकडेवारीची उदाहरणे पुस्तकातल्या नफा-तोट्यापेक्षा मधल्या सुट्टीतल्या पुड्यावर अधिक चटकन समजतील.

उद्या पुन्हा मधली सुट्टी होईल, दुकानात गर्दीही होईल. बिस्किटे खाऊच नका, असे कुणी तुम्हांला सांगत नाही. फक्त पाकीट हातात आले, की ते एकदा उलटा, अर्धा मिनिट वाचा आणि मग ठरवा, हे आपल्याला हवे आहे का, आणि हवे असेल तर किती.